सोमकुंवर साहेबांची टंकी

आमचं सामान ट्रकमधून अजून उतरत होतं. सुनंदा, माझी बायको, भांड्यांच्या पोत्यावर बसून हमालांना हे इकडे, ते तिकडे सांगत होती. मी विजेचं मीटर कुठे आहे ते शोधत होतो. तेवढ्यात एक उंच, काटकुळा, साठी उलटलेला माणूस फाटक उघडून आत आला. नमस्कार नाही, नाव नाही. सरळ मोरीजवळच्या निळ्या ड्रमपाशी गेला, झाकण उचललं, खिशातून टॉर्च काढला आणि आत पाहू लागला. भर दुपारी टॉर्च.

"हे पाणी कधीचं?"

"आम्ही आत्ताच आलोय," मी म्हणालो. "घरमालकानं काल भरून ठेवलं म्हणे."

"तुमी डोयानं पायलं काय?"

मी नाही म्हणालो. त्यांनी ड्रमाला हात घातला आणि तो आडवा केला. दोनशे लिटर पाणी अंगणातून वाहत सुनंदाच्या पोत्याखाली गेलं. ड्रमाच्या तळाशी हिरवट गाळ होता, त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "कालचं पाणी असं नसते," म्हणाले. "मी सुखदेव सोमकुंवर. मलेरिया इन्स्पेक्टर होतो, आता रिटायर. बाजूलेच राह्यतो." आणि फाटक नीट लावून निघून गेले. पांढुर्ण्यातली आमची ही पहिली ओळख.

मी तेव्हा सौंसरच्या शाळेत शिकवत होतो. सुनंदाची नोकरी पांढुर्ण्याची, म्हणून घर पांढुर्ण्यात आणि मी रोज बसनं जाऊन येऊन. सौंसरला शाळेतल्या जुन्या चपराशाला मी साहेबांचं नाव सांगितलं, तर तो हसला. "तो पाणी सांडणारा? मोहगावपासून तिगावपर्यंत एक रांजण नसन सोडला त्यानं." या भागातल्या प्रत्येक गावात साहेब पायी हिंडले होते. एका खांद्यावर पिशवी, हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. रांजण, हौद, कूलर, टायर, जनावरांचं टाकं, जिथं पाणी साचलं तिथं डाव बुडवायचा, उन्हात धरायचा आणि अळ्या आहेत का ते पाहायचं. मग भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारला, पाणी कधी बदललं, आणि पस्तीस वर्षं एकच उत्तर ऐकलं, कालच.

"पाण्याची गोष्ट निंगाली का माणूस खोटं बोलते," ते मला सांगत. "चांगला माणूस असन तरी. मास्तर असन, महाराज असन. मी सांगतो न, तुमी बी बोलसान."

त्यामुळे विश्वास ही गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच. दूधवाला आला की दुधात बोट बुडवून पाहायचे. दवाखान्यातून गोळ्या आणल्या की पाकिटावरची तारीख आधी स्वतः वाचायचे, मग मला वाचायला लावायचे. कोणी पत्ता विचारला तर सांगायच्या आधी कोणाकडे जायचं, कशाला जायचं, हे विचारायचे. एकच प्रश्न दोन माणसांना वेगवेगळं गाठून विचारायची त्यांना सवय होती, आणि उत्तरं जुळली नाहीत की त्यांचा चेहरा उजळायचा. जुळली तर ते जास्त काळजीत पडायचे. दोघांनी आधी ठरवलं असेल, असं त्यांना वाटायचं.

अशा माणसाच्या परसात पाण्याची टंकी होती, हे मला कळलं तेव्हा मी चाट पडलो. आमच्या गच्चीवरून ती दिसायची. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, कमरेइतकी खोल, सिमेंटची. आणि तिच्यात लिली. पांढऱ्या, लाल, निळ्या. सकाळी नऊच्या सुमारास निळी फुलं उघडायची आणि दुपारी मिटायची. लाल फुलं संध्याकाळी उघडायची. पौर्णिमेला सकाळी ते दोन-तीन पांढरी फुलं पितळी ताटलीत घेऊन विहारात जायचे. बाकी दिवशी फुलाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

सुनंदा एकदा म्हणाली, "किती छान कमळं आहेत तुमच्याकडे."

"कमय नाई हे. कमयाचं पान पाण्याच्या वर दांडीवर उभं राह्यते. हिचं पाण्यावर पडून राह्यते, आन त्याले एक चीर असते. पाहा." आणि तिला वाकवून चीर पाहायला लावली. पुढच्या आठवड्यात परत विचारलं, "कमय आन लिलीत फरक काय?" तिनं बरोबर सांगितलं, तेव्हा तिला टंकीजवळ यायची परवानगी मिळाली.

गल्लीला मात्र ही टंकी खटकायची. ज्यानं आयुष्यभर लोकांचं पाणी सांडलं त्यानं स्वतःच्या घरी एवढं पाणी साठवावं? साहेबांनी परसदाराला कुलूप घातलं होतं आणि थंडीत ते टंकीवर ताडपत्री ओढायचे, त्यामुळे लोकांना अजूनच शंका यायची. ताडपत्रीखाली काय आहे यावर पानठेल्यावर बऱ्याच गोष्टी चालायच्या. साहेबांचं म्हणणं साधं होतं. पाण्यात गप्पी मासे आहेत, ते अळ्या खातात. पण ते समजावून सांगायच्या भानगडीत पडत नव्हते. "ज्याले शक आहे त्यानं डाव बुडवून पाहावा," एवढंच.

त्यांच्या या सगळ्या संशयातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे डिगांबर टेलर. नगरपालिकेच्या समोर त्याचं लहानसं दुकान. गोल चेहरा, कानावर खडू, बोलणं मऊ. दोघांची वीस-बावीस वर्षांची दोस्ती. डिगांबरच्या मुलीच्या लग्नात म्हणे साहेबांनी ऐन पंगतीच्या आधी मांडवातले पाण्याचे तिन्ही ड्रम ओतून दिले होते, आणि वऱ्हाडी हात धुवायचे खोळंबले होते. व्याही चिडले. डिगांबर मात्र म्हणाला, "त्याचं कामच आहे ते," आणि स्वतः टँकरवाल्याकडे सायकल मारत गेला. ही गोष्ट डिगांबरनं मला हसत हसत सांगितली. साहेब शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "तिसऱ्या ड्रमात होत्या अळ्या."

थंडी पडायला लागली की या दोघांचं एक काम असायचं. दिवाळीनंतर लिलीची पानं लहान होत जातात, पिवळी पडतात, डिसेंबरात फुलं बंद होतात. पांढऱ्या आणि लाल लिलीच्या कुंड्या साहेब विटांवरून उतरवून टंकीच्या तळाशी ठेवायचे. खोल पाणी कमी गारठतं, त्यात त्या झोपून राहतात. निळ्या नाजूक. त्यांचा कंद थंड पाण्यात सडतो. म्हणून त्या कुंड्या बाहेर काढून हळूहळू सुकवायच्या, माती फोडायची आणि आतले सुपारीएवढे, अक्रोडाएवढे काळे कंद वेचायचे. मुळं कातरायची, कंद धुवायचे आणि ओल्या वाळूत घालून डबा अंधाऱ्या खोलीत ठेवायचा. वाळू किती ओली? साहेब मूठ वळून दाखवायचे. "गोळा झाला पायजे, पण थेंब नाई पडला पायजे." टंकीतली एखादी जात मेली तरी ती हाताशी असावी म्हणून पांढऱ्या आणि लालचेही एक-दोन कंद ते या डब्यात ठेवायचे.

कोणता कंद कुठला हे लिहून ठेवायला साहेब तयार नव्हते. लिहिलं की चोराला वाचता येतं. म्हणून डिगांबर अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या बोटभर थैल्या शिवून आणायचा आणि प्रत्येक थैलीला रंगीत दोरा असायचा. तोही सरळ नाही. निळ्या लिलीला लाल दोरा, लालला पिवळा, पांढऱ्याला काळा. ही खूण जगात दोघांनाच माहीत. दर पंधरा दिवसांनी डबा उघडायचा, एकेक कंद दाबून पाहायचा. मऊ लागला, वास आला, की बाहेर. होळीच्या सुमारास उथळ घमेल्यात पाणी घालून कंद उन्हात ठेवायचे. मग त्यांना कोंब यायचे.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला हे सगळं लांबूनच पाहू दिलं. दुसऱ्या हिवाळ्यात जवळ बसू दिलं. त्या दिवशी काळ्या दोऱ्याची थैली त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. डिगांबर चहा घ्यायला आत गेला होता.

"हे मोहगाववाली," ते म्हणाले. "नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. मोहगावले एक म्हातारी होती, एकटी. तिच्या अंगणात दगडी टाकं, त्यात हे पांढरी लिली. मलेरिया फैलला होता. मी म्हटलं, खाली करा. ते म्हणे, साहेब, मासोया आहेत याच्यात, किडा नाई. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. तिनं हात जोडले. म्हणे, एक डाव तर बुडवा."

"मग?"

"नाई बुडवला. चार वाजले होते, अजून तीस घरं बाकी होते. दोन माणसं लावले, टाकं उपसलं. तिच्या वेली रस्त्यावर फेकल्या. उपसल्यावर पायलं त मासोया तडफडून राहिल्या. अळी एक नाई."

त्यांनी थैलीचा काळा दोरा बोटाला गुंडाळला.

"ते काई नाई बोलली. रडली बी नाई. मासोया वेचून तांब्यात टाकत होती. मी जाता जाता एक कंद उचलला, ओल्या फडक्यात बांधून पिशवीत टाकला. काऊन उचलला, मले नाई मालूम. पुढच्या महिन्यात गेलो त ते भावाकडे गेली होती म्हणे, नागपूरकडे. मंग भेट झालीच नाई."

डिगांबर चहा घेऊन आला आणि साहेबांनी थैली वाळूत पुरली.

आता माझ्याकडून जे घडलं ते सांगायला हवं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गल्लीत ताप सुरू झाला. सप्टेंबरात सुनंदाला डेंग्यू झाला. प्लेटलेट इतक्या घसरल्या की तिला नागपूरला हलवावं लागलं. पाचव्या दिवशी मी कपडे न्यायला पांढुर्ण्याला आलो, गच्चीवर टॉवेल आणायला गेलो, आणि खाली साहेबांची टंकी चकाकताना दिसली. मोहगावची गोष्ट मला माहीत होती, गप्पी मासे मी रोज पाहत होतो. तरी त्या क्षणी मला खात्री वाटली की माझ्या बायकोच्या अंगातलं विष या पाण्यातून आलं आहे. त्यांच्या शेजारी राहून राहून संशय माझ्याही अंगात भिनला असावा. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. इकडं, सीमेपलीकडच्या राज्यात, सरकारी कागद हिंदीतच चालतो, म्हणून हिंदीत. मेरे पड़ोस में एक खुली टंकी है, असा. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, नगरपालिकेत दिला, आणि मास्तरकीची सवय म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. मग नागपूरची गाडी पकडली.

दोन दिवसांनी सुनंदाचा ताप उतरला. तिच्यासाठी आणखी थोडं सामान न्यायला मी परत आलो, त्याच दिवशी टंकीची तपासणी झाली. एक तरुण कर्मचारी आला होता, हातात अर्ज नाही, पण तोंडी आदेश होता. साहेबांनी कुलूप उघडलं आणि त्याच्या हातात आपला जुना डाव दिला.

"बुडवा," ते म्हणाले. "चार कोपरे आन मधात. घाई नका करू."

पोरानं पाच वेळा डाव बुडवला. उन्हात धरला. स्वच्छ पाणी, एकदा एक मासा. तो ओशाळला.

"शिकायत कोणी केली?"

"नाव नाही सांगता येत, साहेब."

"ठीक आहे. पण शिकायत झाली म्हणजे पुरी गल्ली पाह्याची असते. तुमाले शिकवलं नसन त मी शिकवतो."

दोघं घराघरात निघाले. आमच्याकडे आले तेव्हा मी दारातच होतो. घरात काही नव्हतं. मग साहेब म्हणाले, "गच्चीवर कूलर आहे न तुमचा?" उन्हाळा संपल्यावर आम्ही कूलर गच्चीच्या कोपऱ्यात ढकलला होता आणि विसरलो होतो. चार महिन्यांचा पाऊस त्याच्या तळात साचला होता. साहेबांनी डाव बुडवला आणि माझ्यासमोर धरला. पांढऱ्या डावात त्या वळवळत होत्या. बारीक, पुष्कळ.

"पाहा. डोयानं पाहा," ते म्हणाले. आवाजात चीड नव्हती. "बाईले जे झालं ते इथून झालं." मग त्या पोराला म्हणाले, "लिहा. घर नंबर लिहा."

पोरानं लिहिलं. साहेबांनी कूलर आडवा केला, पाणी उन्हात पसरलं. संध्याकाळी ते एका बाटलीत सात-आठ गप्पी मासे घेऊन आले, घरामागच्या हौदात सोडायला. मी त्यांना त्या वेळी सांगायला हवं होतं. बाटली हातात घेऊन मी फक्त बरं म्हणालो.

पण साहेबांचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. शिकायत कोणी केली, हे त्यांना शोधायचंच होतं. आठ दिवस त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठलं. मला विचारलं नाही. माझी बायको दवाखान्यात होती, आणि ज्याच्या घरात अळ्या निघाल्या तो कशाला तपासणी बोलावेल, असा त्यांचा हिशेब असावा. शेवटी ते डिगांबरवर येऊन थांबले. तपासणीच्या चार दिवस आधीच डिगांबर त्यांना म्हणाला होता, "सुखदेवभाऊ, लोक बोलून राहिले. यंदा एक साल टंकी खाली ठेव न. पुढच्या साली भरजो." शिवाय त्याचं दुकान नगरपालिकेच्या समोर. साहेबांना एवढं पुरलं.

ते भांडले नाहीत. दुकानात जाऊन थैल्यांचं उरलेलं अस्तर आणि दोऱ्याच्या रिळी डिगांबरच्या मशीनवर ठेवून आले. डिगांबरनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "तुले मालूम आहे." त्या दिवसापासून त्या दुकानासमोरून जाणं बंद. कपडे बाजारातून तयार घ्यायला लागले. पॅन्टी लांब यायच्या, त्या खाली दुमडून घालायचे.

डिगांबर माझ्याकडे आला होता. "सर, तुमी त्याच्या जवळचे. विचारा न त्याले, मी काय केलं?"

"विचारतो," मी म्हणालो. विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एकदा मी बसमधून उतरून थेट साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो, सांगायचंच म्हणून. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. कूलर सुकवला काय?" मी हो म्हटलं आणि परत आलो.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या नजरेची तक्रार सुरू झाली. काचबिंदू निघाला, तोही उशिरा. मुलगा मिलिंद छिंदवाड्याहून येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला, ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत आली नाही. उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, बस्स. मिलिंद त्यांना छिंदवाड्याला चला म्हणायचा. ते टंकीचं कारण सांगायचे.

ज्यानं कोणाच्या शब्दावर कधी विसंबून पाऊल टाकलं नाही, त्याला आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी मला धरलं. "सर, कंद तुमच्या घरी ठेवा. डिगांबर नाई आता." काळा दोरा, लाल दोरा, पिवळा दोरा, सगळी खूण त्यांनी मला सांगितली. आमच्या मागच्या खोलीत वाळूचा डबा आला. दर रविवारी मी तो त्यांच्या ओट्यावर घेऊन जायचो. ते प्रत्येक कंद बोटांत घेऊन दाबायचे, नाकाशी न्यायचे.

"रंग कसा आहे?"

"काळपट."

"सुनंदाबाईले बोलवा." सुनंदा यायची. "बाई, रंग कसा आहे?" तिनं काळपट म्हटलं की ते मान हलवायचे आणि पुढचा कंद घ्यायचे.

असं वर्ष गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका रविवारी, दोन कंद सडके निघाले. एक लाल दोऱ्याचा, एक पिवळ्या दोऱ्याचा. साहेबांनी ते बाजूला ठेवले आणि हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले.

"तो राह्यला असता त थैल्या बदलल्या असत्या," ते म्हणाले. "दरसाली नव्या शिवत होता. जुन्या कापडात बुरशी राह्यते." मग थोडं थांबून म्हणाले, "मले एक नाई समजत. वीस साल संग बसला माणूस. तोंडावर सांगाचं न. कागद कायले द्याचा?"

त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, मी जिथे बसलो आहे त्याच्या थोडा बाजूला होता. मी म्हणालो, "साहेब, तो अर्ज मी दिला होता."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"सुनंदा दवाखान्यात होती. मला वाटलं तुमच्या टंकीमुळेच झालं. डिगांबरचा काही संबंध नाही."

 मग त्यांनी विचारलं, "डिगांबरनं पाठवलं काय तुमाले?"

"नाही साहेब."

"पैरवी करून राहिले तुमी त्याची. दुकानावर जाता तुमी, मले मालूम आहे. तो रडला असन तुमच्यापाशी."

त्या अर्जानंतर मी त्यांच्याशी खरं बोललो होतो ते हे एकच, आणि तेवढंच त्यांना पटत नव्हतं. मी घरी जाऊन कपाटातली शिक्का मारलेली प्रत आणली. त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद चाचपला, शिक्क्याच्या जागी बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडे धरला. काही दिसेना.

"वाचा."

मी वाचला.

"तुमी वाचून राहिले," ते म्हणाले. "तुमी काई बी वाचसान."

"सुनंदाला बोलावतो."

"तुमचीच बायको." ते उठले, भिंतीचा आधार घेतला, काठी शोधली. "चला. दुकानात चला."

मी त्यांचा हात धरून निघालो. ते दीड वर्षात त्या रस्त्यानं आले नव्हते. नगरपालिकेसमोर आलो तेव्हा मशीनचा आवाज ऐकून ते थांबले. डिगांबर शर्टाची कॉलर शिवत होता. आम्हाला पाहून त्याचा पाय पायडलवर राहून गेला.

साहेबांनी कागद पुढे केला. "वाच," म्हणाले.

डिगांबरनं माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावला. तो हिंदी अडखळत वाचायचा, शब्द तोडून. टंकीची लांबी-रुंदी, मच्छर, पत्नीची बिमारी, सगळं त्यानं वाचलं. नावावर आला आणि थांबला. परत माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असतं तर मला वाचवायला तो तिथं काहीही वाचू शकला असता, आणि मला वाटतं त्याच्या मनात ते आलंही. मी मान हलवली. त्यानं माझं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट.

"परत वाच," साहेब म्हणाले.

त्यानं परत वाचलं. सुरुवातीपासून.

साहेब गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. बाहेर संत्र्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर कोणाला तरी हाका मारत होता.

"सर, तुमी जा," साहेब म्हणाले. "मले घरी डिगांबर सोडन."

मी आलो, आणि ओट्यावर राहिलेला डबा उचलून घरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी डिगांबर आमच्या दारात उभा होता. "डबा द्या, सर. त्यानं मांगवला." मी वाळूचा डबा आणून दिला. तो जड होता, त्यानं तो पोटाशी धरला. मी विचारलं, "काही बोलले का तुमच्याशी? म्हणजे, त्या सगळ्याबद्दल?"

"माफी म्हणता? नाई." तो थोडा हसला. "तीन पॅन्टी आणून देल्या. म्हणे, खालून कमी करून दे, पायात येतात."

"आणि माझ्याबद्दल?"

डिगांबरनं डबा एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "राग नका मानू, सर. तुमच्या घरून येणारा एक एक कंद मोजून घेजो म्हणे." मग जाता जाता म्हणाला, "आन दोन खेपा मोजजो म्हणे. माह्यावर बी भरोसा नाई त्याचा."

साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले असं नाही. रस्त्यात आवाज ओळखून नमस्कार घ्यायचे. सुनंदाची तब्येत विचारायचे. पण टंकीचं दार पुन्हा आम्हाला उघडलं नाही, आणि मीही ते ठोठावलं नाही. सुनंदा म्हणायची, एकदा जाऊन पाय धरा. मला ते जमलं नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात मिलिंद त्यांना छिंदवाड्याला घेऊन गेला, आणि महिन्याभरात तिकडेच ते गेले. निरोप डिगांबरला आला, त्याच्याकडून मला. मी शाळेत होतो, सौंसरला. छिंदवाड्याची बस मिळून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे शेवटचं रूप आहे ते त्या आधीच्या मार्च महिन्यातलं. सकाळची वेळ होती, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली टंकीत पाणी गुडघ्याइतकं उतरवलेलं होतं आणि डिगांबर पॅन्ट मांडीपर्यंत दुमडून आत उभा होता, कानावर खडू तसाच. साहेब टंकीच्या काठावर बसले होते, पाय पाण्यात सोडून. डिगांबर एकेक कुंडी उचलून विटांवर ठेवत होता.

"हे कोणती?"

"मोहगाववाली, भाऊ."

"दोरा कोणता होता?"

"काया."

"इकडे दे." त्यांनी कुंडीतल्या मातीत बोटं घातली, हळूहळू, कडेकडेनं. मग हात बाहेर काढला. "पानं किती आहेत? नीट पाहून सांग."

डिगांबर कमरेत वाकला. पाण्यावर ऊन होतं, त्यानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"दोन."

"खोटं बोलून राहिला तू. माह्या बोटाले तीन लागले."

डिगांबर आणखी वाकला, नाक पाण्याला टेकेपर्यंत. "हाव, तीन," तो म्हणाला. "एक मातीच्या आत होतं, भाऊ. मले दिसलं नाई."